सभेचें सार आणि सभेचा शब्द

आजवर मासिकांतून काव्यें, कादंबऱ्या, चरित्रें आणि कोश यांचीं परीक्षणें प्रसिद्ध होत आलीं आहेत. ग्रामसभेचें इतिवृत्त हा परीक्षणाचा विषय होऊं शकेल, असें मात्र फारसें कोणास वाटलें नसावें. तो विषय आज आम्ही हातीं घेत आहों, याचें कारण असें कीं, त्या इतिवृत्ताचा लेखक बदलत आहे. आणि लेखक बदलला म्हणजे लेखनाचें परीक्षण पुन्हां पहिल्यापासून करणें हें टीकाकाराचें कर्तव्यच होय.

भारत सरकारच्या पंचायती राज मंत्रालयानें १४ ऑगस्ट २०२५ रोजीं ‘सभासार’ नांवाचें साधन सुरू केलें. ग्रामसभेचें ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण त्याच्या स्वाधीन केलें कीं तें बोललेले शब्द अक्षरांत उतरवितें, जरूर तेथें भाषांतर करितें, आणि शेवटीं सर्व बोलण्याचा गोषवारा काढून नीटनेटकें इतिवृत्त तयार करून देतें. ‘भाषिणी’ ही जी सरकारी भाषांतरयोजना २०२२ सालीं सुरू झाली, तिच्या पायावर हें साधन उभें आहे. त्रिपुरा राज्यांतील ग्रामपंचायतींच्या स्वातंत्र्यदिनीं भरणाऱ्या विशेष ग्रामसभांपासून त्याचा आरंभ योजिला होता. त्याला अवगत असलेल्या भाषांत मराठी आहे. तेव्हां गोंदिया जिल्ह्यांतील एखाद्या गांवच्या चावडीवर बसलेल्या सभेचें सार हा नवा लेखक लिहीत आहे, हें दृश्य आज ना उद्यां दिसणारच, असें धरून चालण्यास हरकत नाहीं.

राज्यकारभारांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश याच एका दारानें होत आहे असें नव्हे. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं पोलीस खात्याच्या साह्यासाठीं नागपुरास ‘मार्व्हल’ ही संस्था काढली. २०२५ सालीं शेतीसाठीं कृत्रिम बुद्धिमत्तेचें धोरण मंजूर करून त्याकरितां ५०० कोटि रुपयांची तरतूद केली. आल्बानिया देशानें तर सप्टेंबर २०२५ मध्यें सरकारी खरेदीचें काम पाहण्यासाठीं एका यंत्रप्रतिमेस मंत्रिपदच देऊन टाकलें. या मोठ्या गोष्टींकडे जगाचें लक्ष जातें. पण आमच्या मतें लोकशाहीचें खरें मर्म त्या लहान वहींत आहे, जिच्यांत गांव काय बोललें हें लिहिलें जातें. म्हणून प्रस्तुत लेखापुरता तोच विषय घेतला आहे.

इतिवृत्त हें वाङ्मय नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. मराठी गद्याचा इतिहास पाहिला म्हणजे या आक्षेपाचें उत्तर मिळतें. आमचें जुनें गद्य जितकें बखरींत आहे तितकेंच तें महजर, निवाडे, करीने यांत आहे. गोतसभा बसली, वादी-प्रतिवादींच्या तकरिरी झाल्या, निर्णय ठरला, म्हणजे महजर लिहिला जाई. आणि त्यावर हजर असलेल्यांची साक्ष पडे. ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याची खूण करी. कुणब्याचा नांगर, दुसऱ्या कारागिराचें त्याचें त्याचें हत्यार, अशा त्या निशाण्या जुन्या कागदांवर आजही पाहावयास मिळतात. त्या निशाणीचा अर्थ लहान नव्हता. ‘हा शब्द कारकुनाच्या हातचा खरा, पण तो मीं ऐकला आहे, आणि तो माझा आहे,’ असें तो नांगर सांगत असे. लेखक एक आणि कर्ते अनेक, अशी ही रचना होती.

हा प्रघात मुख्यतः मावळतीकडील महाराष्ट्राचा. आमच्या झाडीपट्टींतही निराळ्या प्रकारचे कागद आहेत. मध्यप्रांतांत मालगुजारीची जमाबंदी झाली, त्या वेळीं गांवोगांवच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदांत नोंदल्या गेल्या. तळ्याचें पाणी कोणी केव्हां घ्यावें, जंगलांतून सरपण, गवत, बांबू कोणी आणावें, हें त्यांत आणि निस्तार पत्रकांत लिहिलेलें असे. १९५१ सालीं मालगुजारी नष्ट झाली, तळीं सरकारजमा झालीं, आणि तीं आज ‘माजी मालगुजारी तलाव’, किंवा लोकांच्या तोंडीं ‘मामा तलाव’, म्हणून ओळखलीं जातात. राज्य गेलें, मालगुजार गेला, पण तो कागद मात्र उरला. आणि आज वनहक्काचा दावा मांडतांना लोक त्याच कागदाचा आधार शोधीत दप्तरखान्यांत जातात. गांवच्या तोंडचे शब्द ज्यानें लिहून घेतले, त्यानें नीट लिहिले कीं नाहीं, यावर नातवंडांचें सरपण अवलंबून राहतें, असा हा साधा व्यवहार आहे.

लेखणी दुसऱ्याची आणि शब्द आपला, या स्थितींतील धोका महाराष्ट्रानें भोगलेला आहे. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील कुणबी उठले, तेव्हां त्यांनीं सावकारांच्या घरीं मुख्यतः शोधले ते कर्जरोखे आणि वह्या. कारण आपल्या नांवावर काय लिहिलें आहे हें त्यांस वाचतां येत नव्हतें. त्यानंतर १८७९ सालीं जो दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा झाला, त्यांत शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या नोंदणीदारासमोर व्हावा आणि तो त्यास वाचून दाखवावा, अशी योजना केली होती. महात्मा फुले यांनीं १८८३ मध्यें ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांतही कारकुनाच्या लेखणीपुढें निरक्षर शेतकरी किती असहाय होतो, हाच एक मुख्य सूर आहे. या साऱ्यांतून निघणारा बोध एकच: लेखन कोणीही करो, पण ज्याच्या नांवें तें लिहिलें त्यास तें ऐकवल्यावांचून तें पुरें होत नाहीं. हीच कसोटी आम्ही नव्या लेखकासही लावणार आहों.

प्रथम त्याचे गुण सांगणें न्यायाचें होईल. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणें वर्षांतून निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, आणि एकूण मतदारांच्या शेंकडा १५ किंवा १००, यांपैकीं जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असावे लागतात. परंतु सभा झाल्यावर कित्येक दिवसांनीं इतिवृत्त लिहिलें जातें, बोललेलें एक आणि वहींत दुसरें असतें, ठराव आधींच लिहून तयार असतो, अशा तक्रारी नव्या नाहींत. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा दोष नेहमींच असतो असें नाहीं. एका माणसावर एकाहून अधिक गांवांचा भार असला म्हणजे वही मागें पडतेच. अशा ठिकाणीं जें साधन सभा अथपासून इतिपर्यंत ऐकतें, थकत नाहीं, सरपंचाचा भाऊबंद नसतें आणि त्याच दिवशीं मसुदा देतें, त्याला नांवें ठेवणें हा कृतघ्नपणा होईल. शिवाय मुद्रण मागें राहतें, तेव्हां ‘मी असें बोललोंच नव्हतों’ किंवा ‘तूं असें बोललीच नव्हतीस’ या वादाला कांहीं तरी आधार मिळतो. ज्या बाईचें म्हणणें आजवर वहींत कधीं चढलेंच नाहीं, तिचा आवाज निदान यंत्राच्या कानांवर पडतो, हा लाभ आम्ही क्षुल्लक समजत नाहीं.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष कानाचा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा झाला. येथील बोलणें एकजिनसी नाहीं. झाडीबोली, पोवारी, गोंडी, हलबी, छत्तीसगढी व हिंदी या साऱ्या येथें एकाच बाजारांत ऐकूं येतात. आणि सभेंत मनुष्य रागावला किंवा गहिंवरला म्हणजे तो शाळेंत शिकलेलें मराठी सोडून घरच्या बोलींतच बोलतो. मावळतीकडचा शेतकरी ज्याला भाताची लावणी म्हणतो, त्याला येथें धानाची रोवणी म्हणतात. धानाच्या शेताचा बांधानें वेढलेला तुकडा ही येथली ‘बांधी’; आणि शेतापुरतें पाणी धरणारें लहान तळें ही येथली ‘बोडी’. आतां सभेंत कोणी उठून ‘बोडी फुटली’ असें सांगितलें, तर तिचा अर्थ पाळ फुटून पाणी वाहून गेलें आणि धान बुडालें, असा येथील पोरालाही कळतो. पण ज्या लेखकाचें मराठी पुण्या-मुंबईच्या छापील मजकुरावर पोसलें आहे, त्याला बोडी म्हटल्यावर मुंडन आठवण्याचा संभव आहे, आणि ‘मामा तलाव’ हा कोणाच्या तरी मामाच्या मालकीचा वाटण्याचा. तो असेंच करील असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याची घडणच अशी आहे कीं, अपरिचित शब्द आला म्हणजे अधिक वेळां पाहिलेल्या शब्दाकडे त्याचा कल जातो. मनुष्य लेखक न कळल्यास ‘काय म्हणालात?’ असें विचारतो. हा लेखक विचारीत नाहीं. तो लिहून मोकळा होतो, आणि तेंही शुद्ध, निःशंक भाषेंत.

गोंडीची अवस्था याहून बिकट आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगांव या तालुक्यांत गोंड समाजाची वस्ती मोठी. कचारगडच्या गुहा त्यांचें पवित्र स्थान. परंतु संविधानाच्या आठव्या अनुसूचींतील २२ भाषांत गोंडी नाहीं, आणि सरकारच्या भाषांतरयोजनांचा मुख्य भर त्या २२ भाषांवर आहे. जनजाति कार्य मंत्रालयानें सप्टेंबर २०२५ मध्यें ‘आदि वाणी’ हें साधन प्रयोगादाखल काढलें, त्यांत संताळी, भिली व मुंडारी यांच्या जोडीस गोंडीही घेतली, ही समाधानाची गोष्ट होय. पण त्यांत आरंभीं घेतलेली गोंडी छत्तीसगडची आहे, आणि गोंडी प्रांताप्रांतांत बदलते. तेव्हां सभेंतील गोंड वृद्धाचें भाषण इतिवृत्तांत कसें उतरेल, या प्रश्नाचें उत्तर अजून मिळावयाचें आहे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. तो ‘सार’ या शब्दांतच आहे. सार काढणें म्हणजे निवड करणें, आणि निवड म्हणजे टीका. कोणतें वाक्य मुख्य आणि कोणतें गौण, हें ठरविणारा लेखक स्वतःचें मत देतच असतो, मग तो कितीही तटस्थतेचा आव आणो. संस्कृत काव्याचें सार लिहितांना शिक्षक रस गाळून कथा ठेवतो. तसा सभेचा गोषवारा काढणारा बहुधा विरोध गाळून ठराव ठेवतो. ‘चर्चेअंतीं तलावदुरुस्तीचा ठराव संमत झाला’ हें वाक्य खोटें नसतें. पण त्या चर्चेंत तीन घरांनीं सांगितलेलें असतें कीं, दुरुस्ती पाळीच्या अमुक टोकाला झाली तर पाणी त्यांच्या बांध्यांत शिरेल. ती सूचना गळाली, आणि पुढल्या पावसाळ्यांत खरोखरच तसें झालें, तर त्या तीन घरांजवळ दाखवावयास काय उरलें? लोकशाहीचें वैशिष्ट्य बहुमतांत जितकें आहे तितकेंच अल्पमताची नोंद ठेवण्यांत आहे. हरलेल्या पक्षास दुसऱ्या दिवशीं ‘मीं सांगितलें होतें’ असें पुराव्यानिशीं म्हणतां आलें पाहिजे. नाहीं तर त्यानें सभेस यावेंच कशाला?

मौनाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) हें गांव सर्वसहमतीच्या कारभारासाठीं प्रसिद्ध आहे. २००९ सालीं सामूहिक वनहक्क प्रथम मिळविणाऱ्या गांवांत त्याची गणना होते. सर्वसहमतीच्या सभेंत बोलण्याइतकेंच गप्प राहण्याला मोल असतें. कोणाचें मौन म्हणजे होकार, कोणाचें म्हणजे भीति, आणि कोणाचें म्हणजे ‘अजून विचार करूं द्या’, हें शेजाऱ्याला चेहऱ्यावरून कळतें. यंत्राला मौन म्हणजे केवळ रिकामी जागा. आणि रिकामी जागा त्याला सोसवत नाहीं, असा अनुभव आहे. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनांत ‘व्हिस्पर’ या नांवाजलेल्या श्रुतलेखन-प्रणालीची परीक्षा घेतली, तेव्हां सुमारें शेंकडा एक ध्वनिखंडांत मुळांत कोणी न उच्चारलेलीं वाक्यें तिनें घातलेलीं आढळलीं. आणि ज्यांच्या बोलण्यांत मध्यें मध्यें थांबणें अधिक, त्यांच्या बाबतींत हा प्रकार अधिक होता. ही प्रणाली निराळी, ‘सभासार’ निराळें. एकाचा दोष दुसऱ्याच्या माथीं मारणें योग्य नव्हे. पण जेथें म्हातारा माणूस थांबून थांबून बोलतो, तेथें या जातीच्या लेखकावर नजर ठेवावी, इतकें तरी त्यावरून निश्चित होतें.

तिसरा दोष उत्तरदायित्वाचा. आमच्या महजरावर लेखकाचें नांव असे, आणि खोटें लिहिल्यास त्यास जाब विचारतां येई. यंत्रानें लिहिलेलें चुकलें तर जाब कोणास विचारावा? अधिकारी म्हणेल, मीं लिहिलें नाहीं. यंत्र करणारा म्हणेल, मीं सभा ऐकली नाहीं. दोघांच्या मध्यें गांव उभें राहील. ही भीति काल्पनिक नाहीं. नेदरलंड देशांत मुलांच्या संगोपनाच्या अनुदानांत लबाडी शोधण्यासाठीं गणिती निवड वापरली गेली, हजारों निरपराध कुटुंबें लबाड ठरलीं, आणि त्यापायीं जानेवारी २०२१ मध्यें तेथील मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियांत गरिबांच्या नांवें यंत्राच्या हिशेबानें खोटीं येणीं काढलीं गेलीं. त्याची चौकशी करणाऱ्या आयोगानें २०२३ सालीं त्या कारभारावर कडक ताशेरे मारले. दोन्ही ठिकाणीं मूळ पाप यंत्राचें नव्हतें. यंत्राचें म्हणणें खरें मानून माणसाचें ऐकणें बंद करण्यांत तें पाप होतें.

या सर्वांचें महत्त्व गोंदियापुरतें किती, हें एका उदाहरणानें सांगतों. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें हक्क ठरविण्याची क्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. त्या कायद्याच्या नियमांत जे पुरावे ग्राह्य धरले आहेत, त्यांत दावेदाराखेरीज गांवांतील इतर वडीलधाऱ्या माणसांचें लेखी उतरविलेलें कथन हाही एक पुरावा आहे. ज्याच्याजवळ कागद नाहीं त्याचा तोच कागद. ‘माझ्या बापाच्या वेळेपासून अमुक नाल्याच्या पलीकडे हे लोक धान करीत आले,’ हें म्हाताऱ्याचें वाक्य जसेंच्या तसें उतरलें, तर त्यांत नाल्याचें नांव आहे, पिढी आहे, पीक आहे. त्याचा गोषवारा ‘ज्येष्ठ नागरिकांनीं दाव्यास पाठिंबा दिला’ असा झाला, तर पुरावा गेला आणि सौजन्य उरलें. पुन्हां हें लक्षांत ठेवावें कीं, गोंदिया जिल्ह्यांत गोंड वस्ती असूनही तो पांचव्या अनुसूचीच्या क्षेत्रांत नाहीं. त्यामुळें १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याचें जें कवच गडचिरोलींतील अनुसूचित गांवांस आहे, तें येथील गांवांस नाहीं. येथील वनवासी कुटुंबास ग्रामसभेच्या वहीवांचून दुसरा आसरा थोडा.

मग या लेखकास दाराबाहेर ठेवावें काय? आमचें मत तसें नाहीं. त्यानें मसुदा लिहावा. इतिवृत्त मात्र सभेनें लिहावें. या दोहोंतील अंतर राखण्यास नवा शोध नको, जुनी रीत पुरे आहे. मसुदा त्याच सभेंत, किंवा पुढल्या सभेच्या आरंभीं, मोठ्यानें वाचून दाखवावा. आणि तो लोकांच्या बोलींत समजावून सांगावा. ज्याचें म्हणणें गळालें त्यानें उभें राहून सांगावें, आणि तें त्याच्या नांवानिशीं, त्याच्याच शब्दांत घालावें. ठरावाइतकीच विरोधाला स्वतंत्र जागा असावी. वनहक्कासारख्या बाबींत वडीलधाऱ्यांचें कथन सारांशानें न घेतां शब्दशः घ्यावें. मूळ मुद्रण गांवाच्या ताब्यांत राहावें, आणि मतभेद झाल्यास लेखापेक्षां मुद्रण प्रमाण मानावें. शेवटीं ज्या अधिकाऱ्यानें तें वाचून स्वीकारलें, त्यानें आपल्या नांवानें सही करावी. यंत्राकडे बोट दाखविण्याची सवलत त्यास नसावी. यांतील एकही गोष्ट खर्चाची नाहीं. खर्च होईल तो अर्ध्या तासाचा.

तो अर्धा तास वांचविण्यासाठींच हें साधन आणलें, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, लिहिण्याचा वेळ वांचला तो ऐकण्यासाठीं वापरावा. दोन्ही वेळ वांचविले तर सभा भरविण्याचें प्रयोजन उरत नाहीं. २०१३ सालीं ओरिसांतील नियमगिरीच्या डोंगरांत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार बारा ग्रामसभा झाल्या, आणि बाराही सभांनीं खाणीस नकार दिला. त्या सभांचें सार एका शब्दांत सांगतां येतें: ‘नको’. पण प्रत्येक सभेंत न्यायाधीशासमोर माणसें एकामागून एक उठलीं आणि तो शब्द ज्यानें त्यानें आपल्या भाषेंत उच्चारला, म्हणून त्याला वजन आलें.

नव्या लेखकाविषयीं आमचा अभिप्राय थोडक्यांत असा: त्याचें अक्षर स्वच्छ, उद्योग मोठा, कान अजून कच्चा, आणि जबाबदारीचें भान मुळींच नाहीं. असा लेखक कारकून म्हणून उपयोगी पडेल. त्याच्या कागदाखालीं नांगराची निशाणी करण्याचा हक्क मात्र गांवानें आपल्या हातून जाऊं देऊं नये.